जमिनीखाली थिजला की जमिनीवर? अग्निजन्य खडक वाचण्याची पद्धत

अग्निजन्य खडकाचा तुकडा हातात आला की पहिला प्रश्न हाच: हा अंतर्निर्मित की बहिर्निर्मित? पाठ्यपुस्तकातले उत्तर एका ओळीत संपते. जमिनीखाली शिलारस सावकाश निवतो म्हणून कण मोठे, जमिनीवर लाव्हारस झपाट्याने निवतो म्हणून कण बारीक. उत्तर खरे आहे, पण अर्धेच. कणांच्या आकारावरून खडक किती वेगाने निवला ते कळते. तो कुठे निवला हे त्यावरून थेट कळत नाही. जमिनीखालच्या दोन मीटर रुंद भेगेत घुसलेला शिलारस बेसाल्टइतका बारीक थिजू शकतो. उलट, जमिनीवरच साचलेल्या शंभर मीटर जाड लाव्हारसाच्या गाभ्यात नुसत्या डोळ्यांना दिसणारे कण तयार होतात. नवशिक्यांच्या बहुतेक चुका वेग आणि जागा यांची अशी गल्लत झाल्यामुळे होतात.

म्हणून काम दोन भागांत करायचे. आधी तुकडा वाचून निवण्याचा वेग ठरवायचा, मग खडक जिथे उघडा पडला आहे ती जागा वाचून त्याचे स्थान ठरवायचे. ग्रॅनाइट, ऑब्सिडियन (ज्वालामुखीची नैसर्गिक काच), प्यूमिस (छिद्रांनी भरलेला हलका फेसाळ खडक) अशा टोकाच्या खडकांत पहिल्या भागातच निकाल लागतो. मधल्या खडकांत दुसऱ्या भागाशिवाय निकाल देऊ नये.

जाडी आणि वेळ यांचा हिशेब

खडकातून उष्णता फार हळू बाहेर पडते. निवायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी १० पट झाली तर काळ १०० पट होतो. अगदी ढोबळ आकडे धरले तर १ मीटर जाडीचा थर काही दिवसांत ते दोन आठवड्यांत निवतो, १० मीटरच्या थराला सुमारे एक ते तीन वर्षे लागतात, आणि १ किलोमीटर जाडीच्या पिंडाला हजारो वर्षे. हवाई बेटावरील किलाउएआ इकी या विवरात १९५९ साली १०० मीटरहून अधिक खोल लाव्हारसाचे तळे साचले. त्याचा गाभा पूर्ण थिजायला ३० वर्षांहून जास्त काळ गेला, तेही वरून पावसाचे पाणी झिरपून उष्णता खेचत असताना.

स्फटिक वाढण्यासाठी अणूंना वितळलेल्या रसातून सरकत योग्य जागी पोचावे लागते. रस हळू निवला तर स्फटिकांची थोडीच बीजे तयार होतात आणि प्रत्येकाला वाढायला सवड मिळते. झपाट्याने निवला तर असंख्य बीजे एकदम उगवतात आणि कोणालाच जागा उरत नाही. त्याहून वेगाने निवला तर अणू जागच्या जागी अडकतात आणि काच होते. स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी १७९८ साली हे भट्टीत करून दाखवले. एकच बेसाल्टी खडक वितळवून झटकन निववला तर काच मिळाली, सावकाश निववला तर स्फटिकी दगड मिळाला. रासायनिक घटक तेच, फरक फक्त वेळेचा. या प्रयोगातली गोष्ट मनात पक्की ठेवावी, कारण पुढे रंग आणि खनिजे पाहताना ती हमखास विसरली जाते.

सोबत काय घ्यावे

१० पट मोठे दाखवणारे भिंग, भूवैज्ञानिकांची हातोडी, डोळ्यांसाठी सुरक्षा चष्मा, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, पाण्याची बाटली, पोलादी चाकू, छोटे लोहचुंबक, थेंब टाकता येईल अशा बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, वही आणि न पुसणारे पेन. भिंग २० पटीचे घेण्याचा मोह टाळा. त्यात एका वेळी फारच थोडा भाग दिसतो, उजेड कमी पडतो आणि कणांचा आपसातला संबंध नजरेतून सुटतो. पोत, म्हणजे कणांचा आकार आणि मांडणी, वाचायला तोच संबंध लागतो.

पायरी १: ताजी फूट मिळवा

ऊन-पाणी खाल्लेल्या पृष्ठभागावरून निर्णय घेऊ नका. बेसाल्टवर तपकिरी साल चढते, फेल्डस्पार या फिकट खनिजाची पांढरी माती होते, लोहाचा गंज सगळे एकाच रंगात बुडवतो. चष्मा लावा, सुट्या दगडाची कड किंवा कोपरा निवडा आणि एकच ठाम घाव घाला. सपाट बाजूच्या मध्यावर मारलेला घाव बहुधा वाया जातो. एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही मारू नका. कठीण केलेल्या पोलादाची कपची उडून डोळ्यात घुसते. ऑब्सिडियन फोडायचाच असेल तर हातमोजे घाला, त्याची धार काचेहून कमी नसते. संरक्षित ठिकाणी हातोडी बाहेर काढू नका. कड्याच्या पायथ्याशी पडलेले तुकडे अभ्यासाला पुरतात.

मात्र जुना पृष्ठभागही फेकून देऊ नका. जाड कणांच्या खडकात वेगवेगळी खनिजे वेगवेगळ्या वेगाने झिजतात, त्यामुळे क्वार्ट्झचे दाणे वर उठून दिसतात आणि अभ्रकाच्या जागी खळगे राहतात. कणांची मांडणी कधीकधी ताज्या फुटीपेक्षा इथेच स्पष्ट दिसते. खनिजे ताज्या फुटीवर ओळखावीत, मांडणी दोन्हीकडे पाहावी.

पायरी २: भिंग नीट धरा

भिंग दगडाजवळ नेऊन लांबून डोकावणे ही सार्वत्रिक चूक. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दगड वर आणत आणत भिंगापासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर थांबवा. उजेड मागून किंवा बाजूने दगडावर पडू द्या. मग भिंग स्थिर ठेवून दगड सावकाश फिरवा. फिरवताना फेल्डस्पारचे सपाट पृष्ठ एका ठरावीक कोनात अचानक चमकतात आणि विझतात. बेसाल्ट लांबून एकजीव काळा दिसतो, पण असा फिरवला की केसाएवढ्या फेल्डस्पारच्या सुया लुकलुकताना दिसतात. काचेत अशी ठिपक्याठिपक्यांची लुकलुक नसते, सगळा पृष्ठ सलग चकाकतो. त्यानंतर तोच भाग ओला करून पुन्हा पाहा. ओल्या पृष्ठभागावर रंगांतला फरक गडद होतो आणि खनिजांच्या कडा उठून दिसतात.

पायरी ३: कण मोजा, अंदाज करू नका

पट्टी दगडावर ठेवा आणि १० मिलिमीटर लांबीच्या रेषेत किती कण येतात ते मोजा. पाच आले तर सरासरी आकार २ मिलिमीटर. निदान तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा आणि सरासरी काढा. ५ मिलिमीटरपेक्षा मोठे ते जाड कण, १ ते ५ मिलिमीटर मध्यम, १ मिलिमीटरपेक्षा लहान ते बारीक. वेगवेगळ्या देशांतील पद्धतींत या सीमा थोड्या सरकतात, म्हणून वहीत नुसते ‘मध्यम’ असे न लिहिता मिलिमीटर लिहा.

मोजण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: मी नेमके काय मोजतो आहे? पुष्कळ खडकांत दोन आकारांचे कण असतात. मोठे स्फटिक विखुरलेले आणि त्यांच्यामधली जागा भरणारा बारीक भाग, ज्याला आधारक म्हणतात. अशा पोताला पॉर्फिरी पोत म्हणतात. शिलारस खोलवर असताना काही स्फटिक निवांत वाढले, मग तो वर सरकला आणि उरलेला रस झटकन थिजला, असा त्याचा इतिहास असतो. शेवटचा मुक्काम कोणता हे आधारकावरून कळते. दोन सेंटीमीटरचे फेल्डस्पार पाहून ‘मोठे स्फटिक, म्हणजे अंतर्निर्मित’ असे म्हटले की चूक झालीच. आधी आधारक पाहा. तो डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक किंवा काचेसारखा असेल तर शेवटचे थिजणे वेगाने झाले. आधारकाचे कणही डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर तो बहुधा पॉर्फिरी ग्रॅनाइटसारखा, जमिनीखालीच पूर्ण थिजलेला खडक आहे.

पायरी ४: कण एकमेकांना कसे भिडले आहेत

जाड कणांच्या अंतर्निर्मित खडकात मोकळी जागा उरत नाही. प्रत्येक कण शेजाऱ्याच्या कडेत घुसून अडकलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ बहुधा शेवटी थिजतो, म्हणून त्याला स्वतःचा आकार नसतो. फेल्डस्पारांच्या मधल्या वेड्यावाकड्या फटी तो राखाडी, काचेसारख्या चकाकीने भरतो. फेल्डस्पार फुटताना पायऱ्यापायऱ्यांच्या सपाट पृष्ठांवर फुटतो, क्वार्ट्झ शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठावर. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या सपाट पृष्ठावर भिंगातून अगदी बारीक, समांतर रेघा दिसतात. त्या दिसल्या की दुसऱ्या फेल्डस्पारशी गोंधळ राहत नाही. काळे चमकदार पापुद्रे सुरीच्या टोकाने सुटत असतील तर ते बायोटाइट अभ्रक. काळे लांबट दाणे सुटत नसतील आणि दोन सपाट पृष्ठांमधला कोन साठ अंशांच्या जवळपास दिसत असेल तर हॉर्नब्लेंड. काटकोनाच्या जवळ असेल तर पायरॉक्सीन.

मध्यम कणांच्या काळ्या खडकात एक खूण मुद्दाम शोधावी. दगड उजेडात फिरवा. एखादा मोठा पायरॉक्सीन एकाच वेळी चमकून उठतो, पण त्याच्या चमकत्या पृष्ठावर फेल्डस्पारच्या फिकट पट्ट्या आडव्यातिडव्या रुतलेल्या असतात आणि त्या स्वतंत्रपणे, वेगळ्या कोनात चमकतात. हा डोलेराइटचा नमुनेदार पोत. तो भित्तींत (थरांना छेदत भेगेत थिजलेल्या भिंतीसारख्या पिंडांत) आणि शिलापट्टांत (दोन थरांच्या मध्ये आडव्या घुसलेल्या पिंडांत) सर्रास मिळतो, पण जाड लाव्हाथराच्या गाभ्यातही तयार होतो. म्हणजे इथेही स्थानाचा निर्णय बाहेर, उघड्या खडकावरच होणार.

सगळे कण जोडलेलेच असतात असे नाही. तुटके स्फटिक, काचेच्या कपच्या आणि खडकांचे कोनदार तुकडे बारीक राखेत रुतलेले दिसले तर तो ज्वालामुखीच्या स्फोटातून आलेला टफ. इथे कणांचा आकार निवण्याच्या वेगाबद्दल काहीच सांगत नाही, स्फोटाने किती मोठे तुकडे उडवले एवढेच सांगतो. २ मिलिमीटरपेक्षा लहान ती राख, २ ते ६४ मिलिमीटर ते लापिली, त्याहून मोठे ते बॉम्ब किंवा ठोकळे. काही टफ इतके गरम साचतात की त्यांतले प्यूमिसचे तुकडे वजनाखाली चपटे होऊन काळ्या, टोकदार पट्ट्यांसारखे दिसतात. या पट्ट्यांना प्रवाहाच्या रेघा समजण्याची चूक होते. पट्टीची टोके पाहा: ती फाटल्यासारखी, दातेरी असतील तर तो चपटा झालेला प्यूमिस.

पायरी ५: छिद्रे आणि भरलेली छिद्रे

शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात. दाब कमी झाला की ते बुडबुडे होऊन सुटतात. म्हणून गोल किंवा लांबट, आतून गुळगुळीत छिद्रे ही बहिर्निर्मित खडकाची जोरदार खूण आहे. लाव्हाथराचा माथा छिद्रांनी भरलेला असतो, मधला भाग घट्ट असतो आणि तळाशी कधीकधी नळीसारखी उभी छिद्रे असतात.

छिद्र पाहिले की तीन शक्यता तपासा. पहिली, ते खरेच वायूचे आहे का? एखादे खनिज झिजून पडले तरी खळगा राहतो, पण त्याला त्या स्फटिकाच्या सरळ कडा आणि कोन असतात. दुसरी, तो ग्रॅनाइटमधला पोकळ कप्पा आहे का? उथळ जागी थिजलेल्या ग्रॅनाइटमध्ये अनियमित आकाराचे कप्पे असतात आणि आत क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे टोकदार स्फटिक उगवलेले असतात. आजूबाजूचे जाड कण पाहिले की शंका फिटते. तिसरी शक्यता उथळ भित्तीची. जमिनीच्या जवळ आलेल्या भित्तीच्या मधल्या पट्ट्यातही वायूची छिद्रे सापडतात. तेव्हा छिद्रांवरून ‘दाब कमी होता’ इतके ठामपणे म्हणता येते, ‘जमिनीवर होता’ हे जवळजवळ नेहमी, पण नेहमीच नाही. छिद्रे नसणे तर काहीच सिद्ध करत नाही. खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाबच इतका असतो की लाव्हारसातले बुडबुडे फारसे फुगत नाहीत.

जुन्या बेसाल्टमध्ये ही छिद्रे पुढे गरम पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरतात. झिओलाइट, कॅल्साइट, अकीक आणि हिरवट क्लोराइट ही नेहमीची भरण. दख्खनच्या बेसाल्टमधले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते याच पोकळ्यांतले. पांढरे गोल ठिपके पाहून त्यांना फेल्डस्पारचे मोठे स्फटिक म्हणणे ही वारंवार होणारी चूक. फरक असा: भरलेल्या छिद्राची बाहेरची कड गोल असते आणि आतली खनिजे कडेपासून मध्याकडे वाढलेली दिसतात, कधी मधोमध पोकळीही राहते. मुळातल्या स्फटिकाची कड सरळ असते. खात्रीसाठी चाकूने ओरखडा. मोहस मापनावर फेल्डस्पारची कठीणता ६, त्यावर साधा चाकू चालत नाही. कॅल्साइटची ३, तो सहज ओरखडतो आणि आम्लाच्या थेंबाने फसफसतो.

पायरी ६: नाव ठरवा

पोत ठरला की खनिजांवरून नाव. इथे जोड्या लक्षात ठेवल्या की काम सोपे होते: रासायनिक घटक सारखे, फक्त निवण्याचा वेग वेगळा. भरपूर क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असलेला जाड कणांचा ग्रॅनाइट, त्याचा बारीक जोडीदार रायोलाइट. क्वार्ट्झ नगण्य, प्लॅजिओक्लेज आणि हॉर्नब्लेंड यांचा करडा-पांढरा-काळा मेळ म्हणजे डायोराइट, त्याचा जोडीदार अँडेसाइट. पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेजचा काळसर गॅब्रो, त्याचा जोडीदार बेसाल्ट. गॅब्रो आणि बेसाल्टच्या मध्ये डोलेराइट बसतो.

रंगावरून अंतर्निर्मित-बहिर्निर्मित ठरत नाही. रंग रासायनिक घटकांकडे बोट दाखवतो, आणि तेही सावधपणे घ्यावे. ऑब्सिडियन काळा कुळकुळीत असतो, पण बहुधा त्याचे घटक रायोलाइटचे, म्हणजे फिकट खडकाचे. काचेत विखुरलेले लोहाचे अतिसूक्ष्म कण त्याला काळा करतात. पातळ कपची उजेडासमोर धरा, कड पारभासक दिसेल. बाजारातल्या ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ या नावावरही जाऊ नका. त्या फरशा बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइटच्या असतात. सरावासाठी मात्र घासून चकचकीत केलेल्या फरशा उत्तम. कणांच्या कडा इतक्या स्वच्छ फुटलेल्या दगडावर कधीच दिसत नाहीत.

बारीक खडकात खनिजे दिसतच नसतील तर मोठे स्फटिक, वजन आणि चुंबक यांची मदत घ्या. घट्ट बेसाल्टची घनता साधारण २.८ ते ३.० ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, रायोलाइटची २.४ ते २.६, म्हणजे सारख्या आकाराचे तुकडे दोन हातांत धरले तर फरक जाणवतो. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक त्याच्याकडे बऱ्याचदा ओढले जाते.

पायरी ७: जागा वाचा

अवघड आणि खरे रंजक काम इथे सुरू होते. तुमच्या हातात बारीक किंवा मध्यम कणांचा काळा खडक आहे आणि समोर तो गाळाच्या थरांमध्ये आडव्या पट्ट्यासारखा पसरलेला दिसतो. तो जमिनीवर वाहिलेला लाव्हाथर आहे की थरांमध्ये घुसलेला शिलापट्ट? एकट्या तुकड्यावरून हे कोणी सांगू शकत नाही. उत्तर कडांवर असते, म्हणून मधला सोपा, मोकळा भाग सोडून तळ आणि माथा या दोन्ही कडा शोधा. माथ्याची कड जास्त महत्त्वाची.

लाव्हाथर तयार झाला तेव्हा त्याच्या वर काहीच नव्हते. त्यामुळे तो फक्त खालचा थर भाजतो. शिलापट्ट दोन खडकांच्या मध्ये घुसतो, म्हणून खालचा आणि वरचा दोन्ही थर भाजतो. भाजलेली चिखलाची माती कडक होते, रंग बदलतो, कधी ती चकमकीसारखी फुटते. माथ्यावर चिकटलेला गाळाचा खडक असा कडक झाला असेल आणि कडेपासून दूर जाताना मऊ होत असेल, तर तो शिलापट्ट.

मग खडकाचीच कड पाहा. कडेपासून आत ०, १०, ५० सेंटीमीटर आणि २ मीटर अशा चार ठिकाणांहून तुकडे घ्या आणि पायरी ३ प्रमाणे कण मोजा. भित्ती आणि शिलापट्ट यांच्या कडा थंड खडकाला टेकल्यामुळे काचेसारख्या बारीक थिजतात आणि आत कण वाढत जातात. शिलापट्टात ही थंडावलेली कड दोन्ही बाजूंना, भंगलेली नसून घट्ट असते. लाव्हाथराचा माथा वेगळाच दिसतो: छिद्रांनी भरलेला, दोरखंडाच्या वळ्यांसारखा सुरकुतलेला किंवा फुटक्या खडबडीत ढेकळांचा. वरचा थर साचण्याआधी बराच काळ गेला असेल तर माथा झिजून लाल मातीही झालेली असते. दख्खनमध्ये लाव्हाथरांच्या मधल्या लाल पट्ट्या अशाच खुणा देतात.

आणखी काही पुरावे, सगळेच निर्णायक. वरच्या गाळात या काळ्या खडकाचे गोटे सापडले तर तो आधीच जमिनीवर उघडा होता. त्याच्या माथ्यावरच्या फटींत वरून गाळ उतरला असेल तरी तेच. उलट काळ्या खडकाची एखादी शिर वरच्या थरात घुसली असेल, त्याने वरच्या थराचे तुकडे पोटात घेतले असतील, किंवा चालत गेल्यावर तो एका थरावरून दुसऱ्या थरात चढत असेल, तर तो नंतर आत शिरलेला आहे. भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८५ साली स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये ग्रॅनाइटच्या शिरा आजूबाजूच्या खडकात घुसलेल्या दाखवल्या त्या याच तर्काने. जो दुसऱ्याला छेदतो तो नंतरचा, आणि घुसला म्हणजे तेव्हा वितळलेला होता.

खांबांसारख्या षटकोनी भेगा पाहून ‘लाव्हा’ म्हणण्याची घाई करू नका. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेचे खांब लाव्हाथरातले आहेत हे खरे. पण न्यू यॉर्कजवळच्या हडसन नदीकाठची पॅलिसेड्स ही कड्यांची रांग सुमारे ३०० मीटर जाड शिलापट्टाची आहे आणि तिलाही उभे खांब आहेत. खांब निवताना आकसल्यामुळे पडतात आणि थंड पृष्ठाशी काटकोनात वाढतात. त्यांची दिशा मात्र उपयोगी पडते: उभ्या भित्तीत खांब आडवे, एकावर एक रचलेल्या सरपणासारखे दिसतात. पाण्यात थिजलेल्या लाव्हारसाचे उशीच्या आकाराचे गोळे मात्र निःसंशय बहिर्निर्मित. प्रत्येक गोळ्याला काचेसारखी साल असते आणि वरचा गोळा खालच्या दोघांच्या फटीत पोट खुपसून बसलेला असतो.

नियम मोडणारे खडक

शिरांत मिळणाऱ्या पेग्मटाइट या खडकात काही सेंटीमीटरपासून क्वचित मीटरभर लांबीचे स्फटिक असतात, तरी ते फार सावकाश निवले असे मानू नका. त्या शिरा अनेकदा अरुंदच असतात. शेवटी उरलेल्या रसात पाणी भरपूर असते, त्यामुळे अणू सहज सरकतात आणि बीजे थोडीच तयार होतात. ग्रॅनाइटमधल्याच फिकट शिरांत अॅप्लाइट मिळतो: कण १ मिलिमीटरच्या आसपास, बारीक आणि एकसारखे. तो बारीक असूनही अंतर्निर्मित आहे. दुसऱ्या टोकाला कोमाटाइट. दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी नदीवरून नाव पडलेल्या या अतिप्राचीन लाव्हारसात ऑलिव्हीन या हिरवट खनिजाची पाती काही सेंटीमीटरपासून कधी त्याहून कितीतरी लांब वाढलेली असतात, आणि तरीही तो जमिनीवर वाहिलेला आहे. कणांची लांबी मोठी, पण आकार पात्यासारखा, विस्कटलेल्या गवतासारखा. घाईने वाढलेल्या स्फटिकाची ही चाल ओळखावी.

जुन्या काचेचेही भान ठेवा. काच टिकाऊ नसते. काळाच्या ओघात तिच्यात सूक्ष्म स्फटिक उगवतात, कधी पांढऱ्या फुलांसारखे, कधी गोल गोळ्यांसारखे. रायोलाइटमधले हे गोळे फोडून भिंगाखाली धरा. मध्यापासून बाहेर पसरलेले धागे दिसले तर ते काचेतून उगवलेले आहेत, सावकाश वाढलेले मोठे स्फटिक नव्हेत.

अग्निजन्य नसलेले दगड

ग्रॅनाइटसारखा दिसणारा दगड पट्ट्यापट्ट्यांचा असेल आणि अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेने झोपलेले असतील तर तो नाइस, रूपांतरित खडक. फेल्डस्पारयुक्त वाळूचा खडक ग्रॅनाइटची हुबेहूब नक्कल करतो, पण भिंगातून त्याचे दाणे झिजलेले आणि मध्ये चिकटवणारा पदार्थ दिसतो. कण एकमेकांत घुसलेले नसतात. काळा चुनखडक बेसाल्टसारखा वाटला तर आम्लाचा थेंब आणि चाकू लगेच निकाल देतात. भट्टीची मळी छिद्रांच्या लाव्हाखडकासारखी दिसते. तिच्यात धातूचे थेंब, निळी-हिरवी काच, कधी कोळशाचे तुकडे सापडतात.

पातळ छेद केव्हा करून घ्यावा

भिंगाने आधारक सुटत नसेल आणि उत्तर महत्त्वाचे असेल तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहावा. काच दोन ध्रुवकांमध्ये पूर्ण काळी राहते, त्यामुळे तिचे प्रमाण थेट मोजता येते. फेल्डस्पारचा प्रकारही बोलतो: स्वच्छ, काचेसारखा सॅनिडिन उच्च तापमानातून झटकन निवलेल्या खडकात टिकतो, तर जाळीदार मायक्रोक्लाइन सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटमध्ये सापडतो. छेदासाठी तुकडा कडेपासून किती अंतरावरचा हे लिहून दिले नाही तर अर्धी किंमत वाया जाते.

वहीत काय लिहावे

प्रत्येक तुकड्यासोबत ठिकाण, कडेपासूनचे अंतर, आधारकाचा आकार मिलिमीटरमध्ये, मोठे स्फटिक कोणते, किती मोठे आणि साधारण किती टक्के, छिद्रे रिकामी की भरलेली, ओळखलेली खनिजे आणि दिसलेली कड. निष्कर्ष वेगळ्या ओळीत लिहा आणि तो कशावर आधारला तेही लिहा, उदाहरणार्थ ‘डोलेराइट, शिलापट्ट, वरचा चिखलखडक ४० सेंटीमीटरपर्यंत भाजलेला’. कड दिसली नसेल तर नाव फक्त पोतावरून द्या: ‘बारीक कणांचा बेसाल्टी खडक, स्थान अनिश्चित’. आणि पुढच्या वेळी तिथे परत जाताना माथ्याची कड कुठल्या बाजूला उघडी पडण्याची शक्यता आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला की रस्त्याच्या कापणीत, एवढी नोंद त्याच ओळीखाली करून ठेवा.